लवचीक सांधे आणि न दिसणारी वेदना



घरातील एखादे मूल अंगठा मागे वळवून हाताला टेकवते, गुडघे न वाकवता दोन्ही तळवे सहज जमिनीवर ठेवते, तेव्हा सारे कौतुकाने पाहतात. पाहुणे आले की तो खेळ पुन्हा करून दाखवायला सांगितले जाते. ‘अंगात हाडे आहेत की नाहीत?’ असे हसत विचारले जाते. पुढे तेच मूल नृत्याच्या वर्गात, मल्लखांबात किंवा योगासनांच्या स्पर्धेत पहिल्या रांगेत दिसते. दहा-बारा वर्षांनी मात्र चित्र पालटलेले असते. आता तरुण झालेली ती व्यक्ती सायंकाळी घरी आल्यावर गुडघे आणि कंबर धरून बसते. लिहिताना बोटे दुखतात, जिना उतरताना घोटा मुरगळतो, सकाळी उठताना रात्रभर श्रम केल्यासारखे अंग जड असते. रक्ताचे अहवाल निर्दोष येतात, एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. मग पूर्वीच्या कौतुकाची जागा शंका घेते. ‘काही झालेले नाही, सारे मनाचे खेळ आहेत,’ असे प्रथम बाहेरचे म्हणतात आणि हळूहळू घरचेही म्हणू लागतात.

आजच्या विषयाचे मर्म या शंकेत आहे. सांध्यांची अतिलवचिकता हा बहुतेकांच्या बाबतीत आजार नसतो, ही पहिली गोष्ट. ज्यांना तिच्यामुळे वेदना होतात त्यांच्या वेदना खऱ्या असतात, ही दुसरी. आणि त्या वेदना केवळ गोळीने किंवा केवळ विश्रांतीने आटोक्यात येत नाहीत. स्नायूंचे बळ, हालचालीचे भान, कामाचे प्रमाण आणि घरच्यांचा विश्वास या चार गोष्टी एकत्र आल्या तर त्या पुष्कळ अंशी आटोक्यात येऊ शकतात, ही तिसरी.

लवचिकता म्हणजे काय

हाडाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. अस्थिबंध, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती या सर्वांना आधार देणारे मुख्य प्रथिन म्हणजे कोलाजेन. त्याची रचना तीन धाग्यांच्या पिळासारखी असते. ही ऊतके किती ताणली जातील हे बऱ्याच प्रमाणात आनुवंशिकतेने ठरते. हाडांची ठेवण, स्नायूंचा ताठपणा आणि लहानपणापासूनचा सराव यांचाही त्यात वाटा असतो. म्हणूनच एकाच घरात आजी, आई आणि नात यांचे सांधे सारखेच सैल असल्याचे पुष्कळदा आढळते. मुलांमध्ये लवचिकता अधिक असते आणि वयाबरोबर ती कमी होत जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, तसेच युरोपीय लोकांपेक्षा आशियाई व आफ्रिकी लोकांमध्ये तिचे प्रमाण अधिक दिसते.

सैल सांधे आणि अंगदुखी यांचा संबंध वैद्यकाच्या लक्षात येण्यास बराच काळ लागला. कर्क, अॅन्सेल आणि बायवॉटर्स या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञांनी १९६७ साली या अवस्थेला प्रथम स्वतंत्र नाव दिले. १९७३ साली पीटर बायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील एका समाजाची पाहणी करताना ९ गुणांची एक साधी चाचणी वापरली. ती आजही जगभर वापरली जाते. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे वळणे, अंगठा कोपराखालील हाताला टेकणे, कोपर १० अंशांहून अधिक उलटा वाकणे आणि गुडघा १० अंशांहून अधिक मागे जाणे, या चार गोष्टींसाठी उजव्या व डाव्या बाजूला प्रत्येकी एक गुण, आणि गुडघे सरळ ठेवून तळवे जमिनीला टेकल्यास एक गुण. वयात न आलेल्या मुलांत ६, त्यानंतर पन्नाशीपर्यंत ५ आणि पन्नाशीनंतर ४ किंवा अधिक गुण मिळाल्यास सांधे सर्वसाधारणपणे अतिलवचीक आहेत असे २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत मानले आहे.

ही चाचणी घरी करून पाहण्याचा मोह अनेकांना होईल. परंतु तिचा अर्थ मर्यादित आहे. ती खांदा, खुबा, घोटा वा जबडा तपासत नाही. शिवाय गुण अधिक मिळाले म्हणून माणूस आजारी ठरत नाही. मुंबईतील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांचे सांधे अतिलवचीक आढळले होते. एवढी सगळी मुले आजारी कशी असतील? दुसऱ्या बाजूने, लखनौ येथील संशोधकांनी २०१४ साली भारतीय शालेय मुलांतील लवचिकता आणि अंगदुखी यांचा संबंध नोंदवला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पुष्कळांना लवचिकतेचा काहीच त्रास होत नाही, काहींना मात्र मोठा होतो.

हा भेद समजण्यासाठी अमेरिकेतील रॉचेस्टर येथील एक अभ्यास फार उपयोगी आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६६० वादकांची तपासणी केली होती आणि तो करणाऱ्यांत गोविंद मुधोळकर हे संख्याशास्त्रज्ञ होते. ज्या वादकांची मनगटे लवचीक होती त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्क्यांना मनगटाचा त्रास होता, तर ज्यांची मनगटे लवचीक नव्हती त्यांच्यापैकी सुमारे १८ टक्क्यांना. म्हणजे येथे लवचिकता उपकारक ठरली. पाठीच्या कण्याबाबत मात्र नेमके उलटे दिसले. लवचीक कणा असलेल्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांना पाठीचा त्रास होता, इतरांपैकी सुमारे ११ टक्क्यांना. जो सांधा सतत हलवायचा आहे तेथे लवचिकता साथ देते. जो सांधा तासन् तास स्थिर धरून ठेवायचा आहे तेथे तीच लवचिकता भार होते. उपचाराची दिशा याच निरीक्षणातून स्पष्ट होते.

वेदना कोठून येतात

अस्थिबंध सैल असले की सांध्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम स्नायूंवर येते. ज्या कामासाठी इतरांचे स्नायू थोडे श्रम करतात त्याच कामासाठी या व्यक्तींचे स्नायू दिवसभर राबत असतात. नुसते उभे राहणे हेही त्यांच्यासाठी काम असते. म्हणून त्यांना थकवा लवकर येतो, मान आणि पाठीचे स्नायू आखडतात, आणि सांधे सैल असूनही अंग मात्र कडक वाटते. हा विरोधाभास न उमगल्याने अनेक जण आखडलेले अंग आणखी ताणतात. तेवढ्यापुरते बरे वाटते, पण आधीच सैल असलेल्या अस्थिबंधावर नवा ताण पडतो.

दुसरे कारण सूक्ष्म आहे. डोळे मिटले तरी आपला हात कोठे आहे, गुडघा किती वाकला आहे, हे आपल्याला कळते. सांधे, स्नायू आणि कंडरा यांतून मेंदूकडे सतत जाणाऱ्या संदेशांमुळे हे भान राहते. अतिलवचिकतेमुळे त्रास होणाऱ्या अनेकांत हे भान काहीसे मंद असल्याचे संशोधनात आढळले आहे. सांधा मर्यादेपलीकडे गेल्याचे वेळेवर कळत नाही. मग दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, सपाट रस्त्यावरही पाय मुरगळतो. अशा मुलांना ‘वेंधळा’ म्हणून सहज हिणवले जाते.

तिसरे कारण मज्जासंस्थेत आहे. वेदना दीर्घकाळ चालू राहिल्या की मेंदू आणि मज्जारज्जू यांची संवेदनशीलता वाढते. पूर्वी जो स्पर्श वा जी हालचाल त्रासदायक नव्हती तीही दुखू लागते. याचा अर्थ वेदना काल्पनिक आहेत असा नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची सुधारित व्याख्या स्वीकारली. तिच्यानुसार ऊतकांची इजा झालेली असो वा तशी इजा झाल्यासारखा अनुभव असो, दोन्ही वेदनाच होत. वेदना होत असल्याचे माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखावा, असेही तिच्यासोबतच्या टिपणात स्पष्ट केले आहे. तपासणीत काही न दिसणे हा वेदना नसल्याचा पुरावा नव्हे.

चौथे कारण भय. एकदा दुखले की माणूस हालचाल टाळतो. हालचाल टाळली की स्नायू दुर्बळ होतात. स्नायू दुर्बळ झाले की सांधा आणखी अस्थिर होतो आणि वेदना वाढतात. हे चक्र महिनोन् महिने फिरत राहते. त्यात झोप नीट न लागणे, उभे राहिल्यावर चक्कर येणे किंवा छातीत धडधडणे, पोटाच्या तक्रारी आणि सततची चिंता यांची भर पडू शकते. या तक्रारी अतिलवचिकतेने त्रस्त व्यक्तींमध्ये वारंवार आढळतात, म्हणून डॉक्टरांना त्या वेगवेगळ्या न सांगता एकत्र सांगाव्यात.

व्यायाम: पहिले औषध

अस्थिबंध घट्ट करणारे औषध आज उपलब्ध नाही. स्नायू मात्र बळकट करता येतात, आणि बळकट स्नायू हाच सैल सांध्याचा खरा आधार. ग्लासगो येथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांनी ८ आठवडे घरच्या घरी व्यायाम केला. त्यांचे सांध्यांचे भान सुधारले आणि वेदनाही कमी झाल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात ७ ते १६ वर्षांची ५७ मुले होती. काहींना विशिष्ट सांध्यांचे व्यायाम दिले, काहींना सर्वसाधारण व्यायाम दिले, आणि दोन्ही गटांत वेदना कमी झाल्या. डेन्मार्कमध्ये सैल खांद्यांच्या १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ आठवडे जड वजनाने केलेला व्यायाम हलक्या व्यायामापेक्षा अधिक गुणकारी ठरला. जड व्यायामाच्या गटात स्नायू दुखणे, डोके दुखणे अशा किरकोळ व तात्पुरत्या तक्रारी मात्र अधिक होत्या. सैल सांध्यांच्या माणसाने वजन उचलूच नये, हा समज यामुळे डळमळीत झाला आहे. अर्थात ते वजन जाणकाराच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवत न्यावयाचे असते.

आरंभ अगदी लहान असावा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता सावकाश उठणे आणि सावकाश बसणे. भिंतीला तळवे टेकून तिला ढकलणे. ओट्याला धरून टाचा उचलणे. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे. आधाराजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळणे. यांपैकी दोन-तीन प्रकार, पाच-सहा वेळा, एक दिवसाआड, एवढ्यानेही सुरुवात होते. व्यायाम करताना गुडघा किंवा कोपर मागे ताणून ‘कुलूप’ लावू नये. तो किंचित वाकलेला ठेवावा. आरशासमोर व्यायाम केल्यास सांधा कोठे आहे हे डोळ्यांना दिसते आणि मंद झालेले भान हळूहळू जागे होते. स्नायूंना बळ येण्यास दोन-तीन आठवडे पुरत नाहीत, तीन-चार महिने द्यावे लागतात. नव्या व्यायामानंतर स्नायू थोडे दुखणे स्वाभाविक आहे. दुखणे दोन दिवसांत न ओसरल्यास प्रमाण कमी करावे, व्यायाम सोडू नये.

योगासनांविषयी येथे विशेष सांगणे आवश्यक आहे. लवचीक व्यक्तीला आसने सहज जमतात आणि म्हणून शिक्षक तिला इतरांसमोर आदर्श म्हणून उभे करतात. पण तिला ताणाची गरज नसते, स्थैर्याची असते. आसनाच्या शेवटच्या टोकाला जाण्यापूर्वीच थांबावे, स्नायू आवळून तेथे स्थिर राहावे आणि श्वास संथ ठेवावा. अशा रीतीने केलेली आसने हितकारक ठरू शकतात. स्पर्धेच्या भावनेने केलेली घातक. नृत्य, मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स यांनाही हेच लागू आहे. मुलांना खेळापासून तोडू नये. पोहणे, चालणे, सायकल चालवणे हे सर्वसाधारणपणे मानवणारे व्यायाम आहेत. मात्र बोटे कडाकडा मोडणे, खांदा निखळवून दाखवणे, अंगठा मागे वळवणे हे करमणुकीचे प्रकार बंद करावेत, आणि पाहुण्यांनीही त्यांची फर्माईश करू नये.

कामाचे प्रमाण आणि घरातील सोयी

वेदनाग्रस्त माणूस बहुधा एक चूक पुनःपुन्हा करतो. अंग बरे वाटलेल्या दिवशी तो साचलेली सारी कामे उरकतो. दिवाळीपूर्वी माळ्यावरचे डबे काढणे, कपाटे लावणे, फराळाचे तळण हे सारे एकाच दिवशी होते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. घरच्यांना दोनच दृश्ये दिसतात. काल एवढे काम केले, आज उठवत नाही! येथूनच संशय जन्म घेतो. यावर उपाय म्हणजे काम वेदनेच्या इशाऱ्यावर न थांबवता घड्याळाच्या इशाऱ्यावर थांबवणे. वीस मिनिटे काम, पाच मिनिटे बदल. बदल म्हणजे झोपून राहणे नव्हे. उभ्याने काम केले असेल तर बसणे, बसून केले असेल तर चार पावले चालणे. बऱ्या दिवशी थोडे राखून करावे, वाईट दिवशीही थोडे तरी करावे. दोन्ही दिवसांतील अंतर कमी होऊ लागले की सुधारणा सुरू झाली असे समजावे.

घरात छोट्या सोयी मोठा आराम देतात. गरम पातेले सांडशीने उचलताना सारा भार अंगठ्यावर येतो, त्याऐवजी दोन कानांचे भांडे दोन्ही हातांनी धरावे. कणीक थोडी-थोडी मळावी. पाण्याची बादली अर्धी भरावी. ओट्याजवळ एक उंच स्टूल असावे. जमिनीवर मांडी घालून बसण्याची सवय असेल तर भिंतीचा किंवा उशीचा आधार घ्यावा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी बैठक बदलावी. सभेत किंवा धार्मिक कार्यक्रमात एखादी तरुण व्यक्ती खुर्ची मागत असेल तर तिच्या वयाकडे पाहून भुवया उंचावू नयेत. विद्यार्थ्यांसाठी जाड पकडीचे पेन, दोन्ही खांद्यांवर घेतलेले दप्तर आणि लिहिताना मध्येमध्ये विसावा एवढे पुरेसे ठरते. गुडघ्याचा वा मनगटाचा पट्टा दुखापतीत किंवा विशिष्ट कामापुरता वापरावा. दिवसभर बांधून ठेवल्यास स्नायू काम करणे सोडतात.

ज्यांना उभे राहिल्यावर चक्कर येते त्यांनी पाणी भरपूर प्यावे आणि मीठ वाढवावे की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मीठ परस्पर वाढवू नये. अशा व्यक्तींनी निर्जळ उपवास करण्यापूर्वीही डॉक्टरांशी बोलावे आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्यासाठी आग्रह धरू नये.

औषधे आणि त्यांच्या मर्यादा

औषधे निरुपयोगी नाहीत, पण त्यांचे स्थान दुय्यम आहे. तीव्र दुखण्यात पॅरासिटामॉल, लावण्याची वेदनाशामक जेल, गरम पाण्याची पिशवी यांनी व्यायाम सुरू करण्यापुरता दिलासा मिळू शकतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या वारंवार घेतल्यास जठर, मूत्रपिंड आणि हृदय यांना अपाय होण्याची शक्यता असते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन् महिने त्या घेणे धोक्याचे आहे. अफूवर्गीय वेदनाशामकांचा दीर्घकालीन वापर टाळावा. मज्जासंस्थेच्या वाढलेल्या संवेदनशीलतेसाठी डॉक्टर कधी अॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधे देतात. ती मूळची नैराश्यावरील औषधे म्हणून ओळखली जातात, त्यामुळे ‘डॉक्टरांनी वेड्यात काढले’ असा गैरसमज होतो. वेदनेचे संदेश मंद करण्यासाठीही ही औषधे दिली जातात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कोलाजेनच्या भुकट्या आणि गोळ्या हल्ली जाहिरातींत फार दिसतात. खाल्लेले कोलाजेन पचनात मोडून जाते आणि जन्मतः सैल असलेले अस्थिबंध त्यामुळे घट्ट होतात याला पुरावा नाही. शिवाय बाजारातील कोलाजेन साधारणतः जनावरांची कातडी, हाडे किंवा मासे यांपासून बनवतात, हे शाकाहारी कुटुंबांनी लक्षात घ्यावे. शाकाहारी व्यक्तींनी बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घेणे हितकारक आहे. त्यांची कमतरता स्वतंत्रपणे थकवा व अंगदुखी वाढवते आणि ती भरून काढता येते. मानेला झटके देऊन हाडे ‘बसवणारे’ उपचार सैल सांध्यांच्या व्यक्तींनी टाळावेत. दातांच्या उपचारात भूल नीट चढत नसल्याचा अनुभव काहींना येतो, तो दंतवैद्यांना आधीच सांगावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

सांधा सुजून लाल होणे, ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणाऱ्या वेदना, हातापायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे केवळ लवचिकतेची समजू नयेत. त्यांची तातडीने तपासणी व्हावी. सैल सांध्यांबरोबर फार मऊ किंवा सहज फाटणारी त्वचा, रुंद व पातळ व्रण, असामान्य उंची व लांब बोटे, डोळ्यातील भिंगाचे विकार, किंवा कुटुंबात तरुण वयात रक्तवाहिनी फुटून झालेला मृत्यू असे काही असल्यास एलर्स-डॅनलॉस किंवा मारफान यांसारख्या आनुवंशिक विकारांचा विचार करावा लागतो. एलर्स आणि डॅनलॉस या त्वचारोगतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वर्णिलेल्या विकाराचे २०१७ च्या वर्गीकरणात १३ प्रकार मानले आहेत. त्यांतील काहींत हृदय आणि रक्तवाहिन्यांची नियमित तपासणी जीव वाचवू शकते. त्याच वर्गीकरणाने, पूर्ण निकषांत न बसणाऱ्या पण त्रास असलेल्या व्यक्तींसाठीही स्वतंत्र निदान ठरवले. त्रासाला नाव मिळाले की अनेकांचे अर्धे ओझे उतरते. संधिवाततज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञ यांच्याकडून निदान आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायामाचे मार्गदर्शन, असा क्रम बहुतेकांना पुरेसा असतो.

घरच्यांचा विश्वास

शेवटी मूळ प्रश्नाकडे यावयाचे. मोडलेला हात प्लॅस्टरमध्ये असला की सारे घर मदतीला धावते. सैल सांध्यांच्या वेदनेला प्लॅस्टर नाही, टाके नाहीत, सूजही बहुधा नाही. त्यामुळे सून कामचुकार ठरते, मुलगा आळशी ठरतो, शाळेत मुलगी सबबी सांगणारी ठरते. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या बाबतीत तर हे दुखणे मुद्दाम लपवले जाते. स्थळ मोडेल या भीतीने डॉक्टरांकडे जाणे टाळले जाते, फिजिओथेरपीची वर्षे वाया जातात, आणि लग्नानंतर तीच मुलगी नव्या घरी कोणालाही न सांगता वेदना सोसत राहते. हे दुखणे संसर्गजन्य नाही आणि लज्जास्पदही नाही. बहुतेक स्त्रिया त्यासह संसार, नोकरी आणि मातृत्व उत्तम रीतीने पार पाडतात. गरोदरपणात प्रसूतितज्ज्ञांना आधी कल्पना दिली की पुष्कळ अडचणी टळतात. लपवल्याने मात्र उपचार लांबतात आणि वेदना मुरतात.

अनेकदा मुलीचे निदान झाल्यावर आईच्या लक्षात येते की आपणही आयुष्यभर हेच सोसले, आणि ते सोसणे हाच स्त्रीधर्म मानला. त्या आईने मुलीला ‘आम्ही नाही का सोसले?’ असे म्हणायचे, की ‘मला जे कोणी विचारले नाही ते तुला विचारते’ असे म्हणायचे, यावर त्या घराचे पुढचे आरोग्य ठरते. विश्वास ठेवणे म्हणजे लाड करणे नव्हे. व्यायाम चुकवू न देणे, बऱ्या दिवशी अतिश्रम करू न देणे, वाईट दिवशी टोमणा न मारणे आणि शाळेत जाऊन शिक्षकांशी शांतपणे बोलणे, हे सारे विश्वासाचेच भाग आहेत. वेदनाग्रस्त व्यक्तीवरही जबाबदारी आहे. आपल्याला काय जमते आणि काय जमत नाही हे तिने स्पष्ट शब्दांत सांगावे, रोजचा थोडा व्यायाम स्वतःच्या हिताचा म्हणून करावा, आणि दुखण्याला आपली एकमेव ओळख होऊ देऊ नये.

या सभागृहातही असे कोणी निश्चितच असतील, जे मांडी बदलत, पाठ भिंतीला टेकवत हे ऐकत आहेत आणि ज्यांनी आपले दुखणे आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्यांनी आज घरी गेल्यावर ते एका विश्वासाच्या माणसाला सांगावे. आणि ज्याला ते सांगितले जाईल त्याने पहिला प्रश्न ‘अहवालात काय आले?’ हा न विचारता ‘कोठे दुखते?’ हा विचारावा.